रात्री दिसणारी अळी, टकटक आवाज आणि गायब श्रिम्प: रीफ टँकमध्ये नेमकं शिरलंय कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडोदऱ्यात मांजलपूरला तीन फुटी, साधारण २०० लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, कोरल म्हणजे प्रवाळ पाळायचा टँक), सात महिने जुना. तीन आठवड्यांपूर्वी त्यात सहा किलो लाइव्ह रॉक (आत जिवाणू आणि बारीक जीव असलेला समुद्री दगड) आणि झोअँथस व मॉन्टिपोरा या कोरलचा एकेक फ्रॅग (लावायला तोडलेला छोटा तुकडा) घातला. तेव्हापासून रात्री टॉर्च मारली की बोटभर लांबीची, गुलाबीसर, दोन्ही कडांना पांढरे केस असलेली अळी दिसते. रॉकमधून मधूनच ‘टक्’ असा आवाज येतो. काचेसारखी तपकिरी, फुलासारखी पाच-सहा बारीक झाडं उगवली आहेत आणि दगडावर पांढऱ्या कडक नळ्या दिसतात. क्लीनर श्रिम्प (कोळंबीसारखा छोटा जीव) चार दिवस दिसलेला नाही, वाळूत त्याचं कवच सापडलं. दुकानदार म्हणतो, सगळा रॉक काढा, उकळून घ्या आणि परत लावा. करू का?

उकळू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल, हे आधी ऐका. झोअँथिड गटातल्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं. रॉकच्या भेगेत त्याची एखादी बारीक वसाहत चिकटलेली असेल आणि तो दगड तुम्ही पातेल्यात उकळलात, तर ते विष वाफेच्या थेंबांबरोबर हवेत जातं. असं करून घरातली सगळी माणसं एकदम दवाखान्यात पोचल्याच्या नोंदी आहेत. उकळत्या पाण्याची धार सोडणं किंवा सुकलेला दगड ब्रशने खरवडणं हेही त्याच जातीचे उद्योग. झोअँथस असलेला दगड हाताळताना नायट्राइलचे हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. अशा कामानंतर धाप, ताप, खोकला किंवा तोंडाला मुंग्या आल्या तर थांबू नका, आणि डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द सांगा, कारण तो त्यांना आपणहून सुचण्याची शक्यता कमी.

उकळण्याने दुसरंही एक नुकसान होतं. दगडाच्या आतले जिवाणू, किडे, स्पंज सगळे मरतात, पण मेलेले देह आतच राहतात. असा दगड परत लावला की अमोनिया चढतो आणि टँकची सायकल, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू बसवण्याचं काम, पुन्हा पहिल्यापासून चालवावी लागते. नळाच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवलं तरी हेच होतं, फक्त वास जास्त येतो.

आता मूळ प्रश्न. यात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे: हे जीव कोण आहेत, आणि श्रिम्पचं काय झालं. दोन्हीचं उत्तर एकदम शोधायला गेलं की जो जीव सगळ्यात किळसवाणा दिसतो तोच आरोपी ठरतो. रीफ टँकमध्ये मात्र मेलेल्या प्राण्याजवळ जो सापडतो, तो बहुतेक वेळा मागाहून जेवायला आलेला असतो. म्हणून मी ओळख पटवताना आधी पुरावा मागतो. कुणाला खाल्लं, कधी, कुठे, आणि जखम कशी होती? चेहरा नंतर.

तर आधी ते कवच. ते नीट बघितलंत का? श्रिम्प वाढतो तेव्हा कात टाकतो. टाकलेली कात पारदर्शक, पोकळ आणि हलकी असते, तिला पाय आणि मिशांसकट सगळा आकार असतो, आणि डोक्यावरची ढाल जिथे संपते तिथे पाठीवर फट असते, तिच्यातूनच तो बाहेर पडलेला असतो. मेलेला श्रिम्प वेगळा दिसतो. तो दुधी किंवा गुलाबी झालेला असतो, आत मांस असतं, डोकं आणि शेपूट बहुधा सुटलेली असतात, चिमट्यात धरलं तर जड लागतो. कात असेल तर श्रिम्प एक-दोन दिवस दगडाखाली लपून बसणं अगदी साहजिक आहे, कारण नवं कवच मऊ असतं. चार दिवस जरा जास्त झाले, पण अशक्य नाही. रात्री दिवे गेल्यावर त्याच्या लांब पांढऱ्या मिशा कुठल्या फटीतून बाहेर येतात का, ते बघा.

श्रिम्प खरंच मेला असेल तर हिचहायकरवर (रॉकबरोबर न बोलावता आलेल्या जिवावर) आळ घेण्याआधी पाणी तपासा. नवा सहा किलो रॉक आला म्हणजे प्रवासात त्यातलं काही ना काही मेलेलं असणार. मुंबई किंवा चेन्नईहून पार्सलने आलेला दगड वाटेत तापतो, सुकतो. अमोनिया ०.२५ पीपीएम जरी दाखवला तरी श्रिम्पच्या मृत्यूला ते कारण पुरेसं आहे. दुसरं कारण आपल्याकडच्या उन्हाळ्याचं. पाणी थंड ठेवायला टँकवर पंखा लावला की बाष्पीभवन वाढतं. समजा रोज चार लिटर पाणी उडालं आणि तीन दिवस टॉप-अप (उडालेल्या पाण्याची गोड्या पाण्याने भरपाई) राहून गेला, तर २०० लिटरमधले १२ लिटर गेले. मीठ तेवढंच राहतं, म्हणजे ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ असलेलं) पाणी ३७ च्या वर जातं. मग आठवण झाली म्हणून एकदम १२ लिटर आरओचं पाणी ओतलं की तासाभरात ते परत खाली येतं. मासे हे सोसतात, श्रिम्प आणि गोगलगाई सोसत नाहीत. कात टाकण्याच्या सुमारास तर मुळीच नाही.

पाणी बरोबर निघालं, तर मग पाहणी. याला महागडं काही लागत नाही. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन पेपर दोन घड्या करून रबरबँडने बसवा, कारण बहुतेक समुद्री कवचधारींना लाल उजेड फारसा जाणवत नाही. टँकचे दिवे गेल्यावर किमान तासभर थांबा, पंप आणि वेव्हमेकर (पाण्यात लाटा आणणारा पंखा) बंद करा आणि एकाच दगडाकडे दहा मिनिटं स्वस्थ बघा. सगळीकडे उजेड फिरवत राहिलात तर काही दिसणार नाही. काही दिसलं की काचेवर बाहेरून मार्कर पेनने त्या भोकाच्या जागी खूण करा. दुसऱ्या रात्री त्याच भोकातून तोच जीव निघाला तर ते त्याचं घर आहे, आणि पकडायचं झालं तर हीच माहिती कामाला येते. मोबाइलने फोटोपेक्षा व्हिडिओ घ्या. जीव चालतो कसा, आत खेचला कसा जातो, यावरून जात लवकर कळते. अंधारातल्या फोटोत सगळंच अळीसारखं दिसतं.

तुमच्या वर्णनातली अळी म्हणजे जवळपास खात्रीने साधी ब्रिसलवर्म. गुलाबी किंवा नारिंगी-राखाडी अंग, प्रत्येक खंडाला दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचा झुपका. ती उरलेलं खाणं, मेलेले किडे, माशांची विष्ठा खाते आणि वाळूखालच्या ज्या जागी आपला सायफन पोचत नाही तिथे सफाई करते. माझ्या मते रीफ टँकमध्ये ती असलीच पाहिजे. ती फार झाली असेल तर दोष आपल्या हाताचा: गोठवलेल्या खाण्याचा अख्खा क्यूब टाकायची सवय असेल तर अर्ध्यावर या, दोन-तीन महिन्यांत संख्या आपोआप उतरते. उघड्या हाताने मात्र धरू नका. ते केस मोडून कातडीत रुततात आणि आग होते. रुतलेच तर चोळू नका, सेलोटेप चिकटवून ओढा आणि वर व्हिनेगर लावा.

गोंधळ होतो तो हिच्यात आणि युनिसिड अळीत. बॉबिट वर्म म्हणून जिची दहशत आहे ती याच घराण्यातली, तिची मोठी जात तीन मीटरपर्यंत वाढते. ओळख डोक्यावरून पटते. युनिसिडच्या डोक्यावर पाच ठसठशीत स्पर्शिका असतात, अंग तांबूस-तपकिरी असतं आणि उजेड तिरका पडला की त्यावर इंद्रधनुषी चमक येते. केसांचे पांढरे फुललेले झुपके दिसत नाहीत. वागणंही वेगळं: ब्रिसलवर्म सरपटत सगळीकडे फिरते, युनिसिड बहुधा शेपूट भोकात ठेवून पुढचं अंग बाहेर काढते आणि धक्का लागताच विजेच्या वेगाने आत जाते. सकाळी झोअँथसचे पॉलिप (वसाहतीतले फुलासारखे सुटे जीव) कात्रीने कापल्यासारखे नाहीसे झालेले असतील किंवा शेवाळाच्या तुकड्यांनी भोकाचं तोंड बुजवलेलं असेल, तर संशय तिच्यावर. ती ओढून काढू नका. तुटते, मागचा भाग आत राहतो, आणि काही जातींत त्यातून पुन्हा अळी तयार होऊ शकते. तो दगडच बाहेर काढायचा.

अळ्यांच्या घोळक्यात आणखी दोघं हमखास दिसतात आणि उगाच बदनाम होतात. दगडाखालून शेवयांसारखे पांढरे लांब धागे वाळूवर पसरतात आणि हळूच आत खेचले जातात, ती स्पॅगेटी वर्म. भोकातून सोंड बाहेर येते, दगड चाटते आणि मोजा उलटावा तशी आत वळते, ती पीनट वर्म. दोघींना राहू द्या.

आता आवाज. आधी घरातली यंत्रं तपासा. हीटर कंट्रोलरचा रिले चालू-बंद होताना अगदी असाच ‘टक्’ करतो, आणि टर्बो स्नेल काचेवरून सरकताना कवच आपटतं तेही असंच ऐकू येतं. हीटर एक तास बंद ठेवून आवाज येतो का बघा. आला, तर उमेदवार दोन: पिस्तूल श्रिम्प किंवा मँटिस श्रिम्प. नुसत्या आवाजावरून या दोघांत फरक करता येतो असं सांगणारे पुष्कळ भेटतील, मला तो भरवशाचा वाटत नाही. भोकाच्या तोंडाशी बघा. पिस्तूल श्रिम्पची एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी असते, तो वाळू उपसून ढीग करतो आणि सहसा बिळापासून लांब जात नाही. मँटिसचे डोळे देठावर असतात आणि दोन्ही स्वतंत्रपणे वेगवेगळ्या दिशांना फिरतात. एकदा हे बघितलं की परत शंका राहत नाही. शिवाय ठोसा मारणारा मँटिस असेल तर त्याच्या दारात फुटक्या शंखांचे तुकडे पडलेले असतात. गोगलगाई आणि हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे) मोजा. संख्या कमी होत असेल आणि कवचं रिकामी नसून फुटलेली असतील, तर तो मँटिस. रिकामी, धड कवचं सापडली तर त्या गोगलगाई बहुधा स्वतःच मेल्या किंवा हर्मिटने घरासाठी मारल्या.

आवाज नेमका कुठल्या दगडातून येतो हे कान लावून कळत नाही, पाण्यात आवाज सगळीकडून आल्यासारखा वाटतो. सोपा उपाय असा: संशयित दगड एकेक करून रात्रभर वेगळ्या बादलीत ठेवा, टँकचंच पाणी, एअरस्टोन आणि हीटर लावून. ज्या रात्री आवाज बादलीतून येईल, तो दगड. तुमचा जुना रॉक सात महिने गप्प होता, तेव्हा सुरुवात नव्या सहा किलोपासून करा.

दगड सापडल्यावर आतला जीव काढायच्या दोन पद्धती मी वापरतो. पहिली सोड्याची. दगड बादलीवर धरा आणि सिरिंजने भोकात १५-२० मिलि साधा सोडा सोडा. कार्बन डायऑक्साइडने गुदमरून जीव बाहेर उडी मारतो. सोडा म्हणजे बाटलीतला बिनचवीचा. जिरा-मसाला किंवा लिंबाचा अजिबात नको. दुसरी पद्धत जास्त खाऱ्या पाण्याची. १० लिटर टँकच्या पाण्यात १५० ते १८० ग्रॅम रीफ सॉल्ट आणखी विरघळवलं की विशिष्ट घनता १.०३८ च्या आसपास जाते. त्यात दगड दोन-तीन मिनिटं बुडवून हलवा, मग साध्या टँकच्या पाण्यात विसळा. खेकडे, मँटिस, अळ्या बादलीत उतरतात. ज्या दगडावर कोरल आहे त्याला हे करू नका, त्याला सोडाच बरा, तोही कोरलपासून लांबच्या भोकात. गोड्या पाण्यातली बुडीही चालते, पण त्यात दगडातले कामाचे जीव जास्त मरतात, म्हणून ती माझ्या यादीत शेवटी येते.

दगड काढणं शक्यच नसेल तर सापळा. अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिक बाटलीचा वरचा भाग कापून उलटा आत बसवा, आत कोळंबीचा तुकडा आणि वजनाला थोडी वाळू घाला, आणि रात्री भोकाजवळ ठेवा. खेकड्यासाठी याहून सोपं म्हणजे काचेचा पेला दगडाला तिरका टेकवायचा, तळाशी कोळंबी. खेकडा दगडावरून आत उतरतो, गुळगुळीत काचेवरून त्याला परत चढता येत नाही.

खेकड्याचा विषय निघालाच आहे तर त्याच्या नांग्यांची टोकं बघा. चमच्यासारखी पसरट टोकं म्हणजे शेवाळ खरवडणारा. अणकुचीदार टोकं, काळ्या नांग्या आणि अंगावर दाट लव म्हणजे ज्याला गोरिला क्रॅब म्हणतात तो, आणि हा लहान असताना कितीही गरीब दिसला तरी मोठा झाला की कोरल, गोगलगाई, झोपलेले मासे काहीही धरतो. त्याला संपमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) हलवा. चपट्या नांग्यांचा, तोंडासमोर पिसांचे पंखे हलवून पाणी गाळणारा पोर्सेलिन क्रॅब निरुपद्रवी आहे. फांद्यांच्या कोरलमध्ये राहणारे बारीक ट्रॅपेझिया खेकडे तर कोरलचे राखणदार, त्यांना उपटून काढू नका.

ती तपकिरी ‘झाडं’ म्हणजे एप्टेशिया, अॅनिमोन (समुद्रफूल) जातीचा प्राणी. तुमच्या टँकमधला आत्ताचा खरा शत्रू हाच, अळी नव्हे. देठ लांब आणि पारदर्शक, वरची तबकडी पसरट, स्पर्शिका टोकाशी निमुळत्या, आणि सावली पडली तरी क्षणात भोकात गडप. स्पर्शिका आखूड आणि टोकं गोल फुगीर असतील तर तो माजानो अॅनिमोन. त्याचा उपाय बहुतेक तोच, फक्त तो जास्त चिवट. पाच-सहा आहेत तोवर हातात आहेत. चिमट्याने ओढू नका, नखाने खरवडू नका. पायाचा बारीक तुकडा जरी दगडावर राहिला तरी त्यातून नवा उगवतो, आणि एकाचे चार होतात.

यावर पहिला उपाय कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट. दोन चमचे पावडर, त्यात थेंब थेंब आरओचं पाणी, घट्ट ताकाइतकी पातळ होईपर्यंत. सुई नसलेल्या सिरिंजला एअरलाइनचा (एअर पंपाच्या नळीचा) तुकडा जोडा. पंप बंद करा, एप्टेशिया पूर्ण उमललेला असताना नळी हळूच जवळ न्या, तोंडाच्या तबकडीवर मिलिभर पेस्ट सोडा आणि तो आत ओढला गेला की वरून भोक बुजवा. पंधरा-वीस मिनिटं पंप बंदच. पेस्ट कोरलवर पडू देऊ नका. एका दिवशी तीन-चारच मारा, कारण याने पीएच वर जातो, आणि आठवड्याने पुन्हा बघा, एखादा परत येतोच. पावडर डोळ्यांत गेली तर भाजते, चष्मा लावा. पानाच्या गादीवरचा चुना रासायनिकदृष्ट्या हाच, पण त्यात कुणी काय मिसळलंय हे सांगता येत नाही, म्हणून तो वापरू नका.

पेपरमिंट श्रिम्प एप्टेशिया खातो, पण प्रत्येक श्रिम्प खाईलच असं नाही, आणि घेताना फसगत होते. पेपरमिंट अर्धपारदर्शक असतो, अंगावर बारीक लाल उभ्या रेघा. कॅमल श्रिम्प त्याच्यासारखाच लाल, पण पाठीला कुबड, डोळे मोठे, आणि लालावर ठळक पांढरे पट्टे व ठिपके. कॅमल झोअँथस आणि मऊ कोरल खातो. बर्गिया नावाची समुद्री गोगलगाय फक्त एप्टेशियाच खाते, मिळाली तर उत्तम, पण ती महाग, आणि एप्टेशिया संपले की उपाशी मरते. पाच-सहांसाठी तो खर्च करू नका. एप्टेशियासाठी कॉपरबँड बटरफ्लाय मासाही सुचवतात, पण तो २०० लिटरमध्ये ठेवू नये.

पांढऱ्या नळ्यांचं निदान दुपारी खाणं टाकताना होतं. नळीच्या तोंडातून कोळ्याच्या जाळ्यासारखा चिकट धागा निघून पाण्यात तरंगला तर ती व्हर्मेटिड गोगलगाय. ते जाळं शेजारच्या कोरलला चिकटलं की त्याचे पॉलिप मिटून राहतात. पक्कडीने नळी मुळापासून मोडा आणि भोकावर सायनोअॅक्रिलेट ग्लू, जेलवाला, थेंबभर लावा. तोंडातून बारीक पिसांचा तुरा निघत असेल तर ती पाणी गाळणारी निरुपद्रवी अळी, सोडून द्या. मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या पांढऱ्या गुंडाळलेल्या चकत्या संपमध्ये शेकड्यांनी असतात, त्याही याच जातीच्या.

बाकीच्यांबद्दल भराभर. काचेवर पळणारे पांढरे ठिपके म्हणजे कोपेपॉड, वाळूतले वाकडे उड्या मारणारे अॅम्फिपॉड, पाठीवर आठ तुकड्यांची ढाल असलेला कायटन, चपटं कवच पाठीवर घेऊन रात्री धावणारी स्टोमाटेला: सगळे ठेवा. बारीक अॅस्टेरिना तारामासे बहुतेक बिनधोक, फक्त झोअँथसवर बसलेले वारंवार दिसले तर तेवढे काढा. गंजाच्या रंगाचे, मागच्या टोकाला बारीक शेपट्या असलेले चपटे किडे दगडावर थरच्या थर दिसू लागले तर औषध टाकण्याआधी सायफनने जमतील तितके ओढून घ्या; ते एकदम मेले की विष सोडतात आणि मासे दगावतात, म्हणून औषधानंतर ताजा कार्बन (विष शोषणारा अॅक्टिव्हेटेड कोळसा) आणि मोठा पाणीबदल तयार ठेवावाच लागतो.

दोन जीव मात्र दिसताक्षणी गंभीरपणे घ्या. एक, मोठ्या काळ्या डोळ्यांचा, वेगाने पोहणारा, माशाच्या अंगाला चिकटलेला आयसोपॉड. बोट लावल्यावर चेंडूसारखा गुंडाळणारा आयसोपॉड वेगळा, तो निरुपद्रवी. दोन, शंकूच्या आकाराचा, नक्षीदार, सुंदर शंख, जो वाळूत अर्धा पुरलेला असतो आणि पुढून एक नळी बाहेर काढतो. कोन स्नेलचा दंश माणसालाही जीवघेणा ठरू शकतो आणि पातळ हातमोजा त्याला अडवत नाही. लांब चिमटा.

एक गोष्ट विचारलेली नाही, तरी सांगतो. रॉक कुठून आला हे दुकानदाराला विचारा. द्वारका-जामनगरकडे सहलीला गेलं की पिरोटन किंवा नरारासारख्या जागांवरून प्रवाळाचा दगड पिशवीत टाकून आणायचा मोह पुष्कळांना होतो. तो भाग कच्छच्या आखातातल्या मरीन नॅशनल पार्क आणि अभयारण्याचा आहे, आणि सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पकडलेले जीवही कुठल्याही नदीत-तळ्यात सोडू नका. विश्वामित्रीत समुद्री खेकडा तासाभरात मरेल, एवढंच. ठेवायचा नसेल तर डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवणं त्याच्यासाठीही बरं.

तुमच्या टँकपुरता क्रम असा लावा. आज अमोनिया आणि क्षारता (पाण्याचा खारेपणा), आणि ते कवच तपासणं. उद्यापासून तीन रात्री लाल उजेडात पाहणी. याच आठवड्यात एप्टेशिया, कारण तेच रोज वाढतायत. आवाजाचा शोध बादलीत, घाई नाही. अळीला हात लावायचा नाही.

आणि पुढचा रॉक सरळ टँकमध्ये टाकू नका. ४० लिटरचा प्लॅस्टिक टब, हीटर, छोटा पंप आणि १.०२६ चं पाणी एवढं पुरतं. दिवा लावला नाही तरी चालतो. रोज रात्री एकदा टॉर्च, दर तीन दिवसांनी अमोनिया. तो शून्यावर आल्यानंतरही सहा ते आठ आठवडे तिथेच. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचीही खबरदारी घ्यायची असेल तर माशांशिवाय ७६ दिवस. फ्रॅगला कोरल डिप (कीड मारणाऱ्या द्रावणात बुडी) द्यायचा, पण डिपने अंडी मरत नाहीत. मॉन्टिपोरा खाणारी पांढरी, जेमतेम तीन-चार मिलिमीटरची न्यूडिब्रँक (कवच नसलेली समुद्री गोगलगाय) आणि झोअँथस खाणारी तिची बहीण, दोघींची अंडी फ्रॅगच्या खालच्या बाजूला किंवा प्लगच्या (फ्रॅग ज्यावर चिकटवतात त्या छोट्या बैठकीच्या) देठावर चिकटलेली असतात. म्हणून आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा डिप, दर वेळी भिंगातून खालची बाजू बघायची, आणि जमत असेल तर फ्रॅग जुन्या प्लगवरून कापून नव्यावर चिकटवायचा. जुना प्लग टाकून द्या.